उर्बिनोला रेल्वे जात नाही

इटलीत एक सत्र शिकून आले म्हटलं की वाशीत पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मिलान का रोम?" उर्बिनो म्हणून सांगितलं की समोरच्याचा चेहरा उतरतो. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी काकांनी तर धीरच दिला, "असू दे गं, शनिवार-रविवार मिलानला जात असशीलच की!" नव्हते जात. उर्बिनोहून मिलान म्हणजे आधी बसने पेसारो गाठायचं, तिथून पुढे आगगाडी. अर्धा दिवस त्यातच मोडतो. उर्बिनोची स्वतःची रेल्वे होती, ती १९८७मध्ये बंद पडली. आता मला कॉलेजातली धाकटी मुलं विचारायला येतात, तेव्हा मी त्यांना सांगते की परदेशात एकच सत्र मिळणार असेल तर रेल्वे न जाणारं गाव बघा.

उर्बिनो इटलीच्या मार्के प्रांतात, एड्रियाटिक समुद्रापासून थोडं आत, दोन टेकड्यांवर वसलेलं आहे. वस्ती साधारण चौदा हजार, आणि जवळपास तितकेच विद्यार्थी. विद्यापीठ १५०६ सालचं. चित्रकार राफाएल १४८३मध्ये इथेच जन्मला, त्याचं घर अजून दाखवतात. पंधराव्या शतकात फेदेरिको दा मोन्तेफेल्त्रो नावाच्या सरदाराने भाडोत्री लढाया करून पैसा कमावला आणि तो एका राजवाड्यात, पुस्तकांत आणि चित्रकारांवर उधळला. त्याचं नाक मोडलेलं, एक डोळा गेलेला. म्हणून चित्रांत तो नेहमी एकाच बाजूने दिसतो. त्याच्या या हौसेमुळे १९९८मध्ये अख्खं जुनं गाव युनेस्कोच्या यादीत गेलं. पर्यटक राजवाडा बघतात, जेवतात, संध्याकाळच्या बसने परत जातात. त्यानंतर गाव उरतं ते विद्यार्थ्यांचं आणि म्हाताऱ्यांचं.

मी ग्राफिक डिझाइन शिकते. लोकांना राजवाडा माहीत असतो, पण अक्षरांशी ज्यांचा संबंध आहे त्यांच्यासाठी उर्बिनो म्हणजे छापखान्यांचं गाव. इथे पुस्तककलेची जुनी शाळा आहे, तिचं नावच 'स्कुओला देल लिब्रो', म्हणजे पुस्तकाची शाळा. कोरीवकाम, शिळाछाप, खिळ्यांची छपाई या गोष्टी तिथे पिढ्यान्‌पिढ्या शिकवल्या गेल्या. एका जुन्या मठात ग्राफिक डिझाइनची सरकारी संस्था आहे. ललितकला अकादमी वेगळी. इटलीच्या सरकारी संकेतस्थळांवर जो 'टितिलियम' टाइप दिसतो, तो याच अकादमीतल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून निघाला. चौदा हजारांच्या गावात इतकं सगळं. वाशी ते बेलापूर आख्खं फिरून एवढं सापडायचं नाही.

आता हे जमतं कसं, ते सांगते, कारण आईबाबांना पहिली काळजी पैशांची असते. बाहेर शिकायला जाण्याचे दोन रस्ते आहेत आणि लोक त्यांची नेहमी गल्लत करतात. एक, पूर्ण पदवीसाठी जाणं. दुसरा, देवाणघेवाणीचं सत्र. दुसऱ्यात तुम्ही आपल्याच कॉलेजचे विद्यार्थी राहता, फी इथेच भरता आणि दोन संस्थांमध्ये करार असल्यामुळे तिकडची संस्था फी घेत नाही. युरोपात ही पद्धत १९८७पासून इरॅस्मस नावाने रुळली. आता काही करारांतून ती युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही मिळते, कधी शिष्यवृत्तीसकट, कधी नुसतीच. पूर्ण सत्र म्हणजे तीस क्रेडिट. तेवढी घेऊन आलात तर आपलं वर्ष वाया जात नाही. विमान, खोली, जेवण हा खर्च मात्र आपला.

पूर्ण पदवीला जाणाऱ्यांसाठी इटलीत एक चांगली सोय आहे. घरचं उत्पन्न कमी असेल तर प्रांताकडून शिष्यवृत्ती, फीमाफी, मेसचं जेवण, कधी वसतिगृहातली खोलीसुद्धा मिळते. माझ्या वसतिगृहात नांदेडचा एक मुलगा होता, तो याच बळावर आलेला. त्यासाठी त्याने घरच्यांच्या उत्पन्नाचे आणि मालमत्तेचे कागद गोळा केले, त्यांवर परराष्ट्र खात्याचं अपोस्टिल घेतलं, इटालियनमध्ये भाषांतर करून घेतलं. त्याची फाइल माझ्या व्हिसाच्या फाइलच्या तिप्पट जाड होती. "सातबारा इटालियनमध्ये वाचलाय का कधी?" तो सगळ्यांना विचारायचा.

माझे बाबा एपीएमसीत मसाला मार्केटमधल्या एका गाळ्यावर हिशेब बघतात. मिरची-हळदीच्या पोत्यांच्या पावत्या हाताळून त्यांना कागदाची भूक लागलेली असते. व्हिसाच्या यादीतला प्रत्येक कागद त्यांनी मला दोनदा विचारला. तीन महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असेल तर शेंगेनचा पर्यटक व्हिसा चालत नाही, शिक्षणासाठीचा 'डी' व्हिसा लागतो. राहण्याची सोय कुठे, खात्यात किती, विमा कोणता, परतीचं काय, सगळं दाखवावं लागतं. आणि खरी गंमत पुढे. इटलीत उतरल्यावर आठ कामाच्या दिवसांत राहण्याच्या परवान्याचा अर्ज करायचा असतो आणि तो पोलिसांत नाही, पोस्टात. पोस्टातून फॉर्मांचं पाकीट आणायचं, त्यावर सोळा युरोंचं तिकीट चिकटवायचं. हे मुद्रांकाचं तिकीट विकतो कोण, तर तंबाखूचं दुकान. सिगारेट, बसचं तिकीट, लॉटरी आणि सरकारी मुद्रांक, सगळं एकाच काउंटरवर. बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरंय की, एका फेरीत काम." नंतर बोटांचे ठसे द्यायला पेसारोला जावं लागतं. परवान्याचं कार्ड हातात येईपर्यंत पोस्टाची पावतीच परवाना म्हणून जवळ ठेवायची.

खोली मिळाली गावाबाहेरच्या एका टेकडीवर. तिला कापुचिन साधूंची टेकडी म्हणतात, कारण वर त्यांचा मठ आहे. उतारावर विद्यार्थ्यांची वसतिगृहं आहेत आणि ती बघायला जगभरचे आर्किटेक्ट येतात. जानकार्लो दे कार्लो या आर्किटेक्टने १९६२पासून वीसेक वर्षांत ती टप्प्याटप्प्याने बांधली. विटा आणि उघडं काँक्रीट, टेकडीच्या अंगाला अंग लावून खाली उतरत जाणारी खोल्यांची रांग, मध्ये पायऱ्या आणि गच्च्या. एका खोलीचं छप्पर म्हणजे वरच्या खोलीसमोरचं अंगण. पहिल्या आठवड्यात मी रोज चुकायचे, कारण कुठल्या मजल्यावर आहोत हे कळतच नाही, मजला असा नसतोच. याच दे कार्लोने १९५८ ते १९६४ या काळात अख्ख्या उर्बिनोचा आराखडा केला. जुन्या वाड्यांना हात न लावता त्यांच्या पोटात विद्यापीठाचे वर्ग बसवले.

इथे मला नवी मुंबई आठवणं साहजिक होतं. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवायची कल्पना 'मार्ग' या नियतकालिकात मांडली १९६५ साली. सिडको आली १९७०मध्ये. म्हणजे एकाच दशकात तिकडे एक माणूस पाचशे वर्षं जुनं गाव न मोडता त्यात नवी मुलं कशी राहतील याचा विचार करत होता, आणि इकडे तिघं जण मिठागरं, भातशेती आणि आगरी-कोळी गावांच्या जागी कोरं शहर आखत होते. दोन्हीकडचं काम अवघडच. पण दे कार्लो लोकांना विचारत बसायचा, त्यासाठीच तो ओळखला जातो. वाशीगाव सेक्टरांच्या मध्ये अडकून कसं उरलं आहे ते रोज बघणाऱ्या माझ्यासारखीला हा फरक चांगलाच कळतो. यावर आमच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात एका ब्राझिलियन मुलीशी माझं मध्यरात्रीपर्यंत भांडण झालं. तिच्या मते कोरं शहर आखणं हेच मुळात पाप. मी म्हटलं, तू कधी लोकलने गोरेगावहून चर्चगेटला उभी गेली आहेस का?

गाव छोटं असलं की काय होतं, हे आता सांगते, कारण लेखाचा खरा मुद्दा तो आहे. मिलानला गेलेल्या माझ्या वर्गमैत्रिणीने पाच मुलींबरोबर घर घेतलं, पाचही भारतीय. त्या मराठी-हिंदीत बोलत, इंडियन स्टोअरमधून आटा आणत, रविवारी बिर्याणी करत. मजा केली तिने, मी नाही म्हणत नाही. पण परत आली तेव्हा इटालियनमध्ये तिला 'ग्रात्सिए'च्या पुढे फारसं येत नव्हतं. उर्बिनोत ती मुभाच नाही. भारतीय मुलं मोजकी, तीही वेगवेगळ्या विभागांत. दुकानदारांना इंग्रजी जेमतेम. आणि गावाचे काही अलिखित नियम आहेत, ते पाळले नाहीत तर लगेच नजरेत येतं. दुकानात शिरताना आधी नमस्कार करायचा, मग मागायचं. फळांना हात लावायचा असेल तर प्लास्टिकचा मोजा घालायचा, आणि छोट्या दुकानात तर हातच लावायचा नाही, दुकानदार काढून देतो. आमच्या भाजी मार्केटमध्ये टोमॅटो दाबून बघितल्याशिवाय आई पिशवी उघडत नाही. मी पहिल्याच दिवशी एक पेअर उचलून दाबलं. दुकानातल्या बाईने काही न बोलता ते माझ्या हातातून घेतलं, पुसलं आणि परत ठेवलं. आठवड्याभरात तिला माझं नाव माहीत झालं होतं, आणि महिन्याभरात मी न सांगता ती पिकलेलं फळ वेगळं काढून ठेवायला लागली, आज खायचं की उद्या एवढंच विचारायची.

दुपारी एकच्या सुमारास दुकानं बंद होतात ती चार-साडेचारला उघडतात. माझी आत्या सदाशिव पेठेतली, तिला यात काही नवल वाटलं नाही. रविवारी तर गाव गपगार. संध्याकाळी मात्र सगळे बाहेर. मधल्या चौकात, पियात्सा देला रेपुब्लिकात, म्हातारे, मुलं, बाबागाड्या, विद्यार्थी नुसते फेऱ्या मारतात. कुठे जायचं नसतं. आपल्याकडे वाशीत मिनी सीशोअरला संध्याकाळी लोक चालतात, पण तिथे चालणारे व्यायाम करत असतात, घड्याळ बघत असतात. इथे दर चार पावलांवर थांबायचं, गालाला गाल लावायचा, कोण आजारी, कोणाची परीक्षा झाली विचारायचं. या फेऱ्यांत माझं इटालियन सुधारलं तेवढं वर्गात नाही सुधारलं. वर्गात क्रियापदं शिकवत, चौकात लोक अर्धी वाक्यं बोलत, आणि ती पुरी करायची जबाबदारी माझी.

खाण्याचं थोडक्यात. आईने गोडा मसाला, भाजणी आणि मेतकूट बांधून दिलं होतं, त्यातलं मेतकूट सगळ्यात आधी संपलं, कारण नुसत्या भातावर ते चालतं आणि वसतिगृहाच्या चुलीवर भातच काय तो पटकन होतो. उर्बिनोची खासियत म्हणजे क्रेशा. पापुद्र्यांची, मिरीपूड घातलेली भाकरीसारखी पोळी, मध्ये चीज किंवा भाजी. दिसायला लच्छा पराठ्याची बहीण. शाकाहारी मैत्रिणींसाठी धोक्याची सूचना: पापुद्रे सुटतात ते डुकराच्या चरबीमुळे, आणि पिठात अंडंही असतं. मी मासे-मटण खाणाऱ्या घरातली, मला अडचण आली नाही. नांदेडच्या मुलाने मात्र दोन आठवडे रोज आवडीने खाल्ल्यावर बेकरीवाल्याला कृती विचारली. पुढचे दोन दिवस तो फळांवर होता.

आता माझ्या विषयाकडे. पहिल्याच महिन्यात आम्हाला खिळ्यांच्या छपाईच्या कार्यशाळेत पाठवलं. लाकडी केस, त्यात खणाखणांत शिशाचे खिळे, हातात स्टिक धरायची आणि एक-एक अक्षर उलटं लावत जायचं. प्रत्येकाने आपलं नाव जुळवून छापायचं होतं. रोमनमध्ये माझं नाव दोन मिनिटांत झालं. सर म्हणाले, हे सगळेच करतात, तुझ्या लिपीत कर. आता देवनागरी खिळे उर्बिनोत कुठून येणार? शेवटी मी लिनोलियमवर कोरलं. कोरताना लक्षात आलं की शिरोरेषा ही केवढी अडचणीची गोष्ट आहे. रोमन अक्षरं एकमेकांपासून फटकून उभी राहतात. आपली वरच्या रेषेला धरून असतात, शिवाय वर वेलांटी, खाली उकार. एका खिळ्याच्या डोक्यावर दुसरा खिळा बसवायचा तर रेष तुटता कामा नये. मुंबईत जावजी दादाजींनी १८६९मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, तेव्हा त्यांच्या कारागिरांनी ही रेष कशी सांधली असेल याचा विचार मी वाशीत असताना कधी केला नव्हता. शाळेत निर्णयसागर हे नाव परीक्षेपुरतं पाठ केलं होतं.

सरांना मी हे मोडक्या इटालियनमध्ये सांगत होते, तर ते उठून कपाटातून एका जुन्या पुस्तकाच्या पानांच्या छायाप्रती घेऊन आले. लॅटिन मजकुराच्या मध्ये देवनागरी. 'आल्फाबेतुम ब्राह्मानिकुम', रोम, १७७१. ते लिहिणारा कास्सियानो हा कापुचिन साधू होता आणि गाव त्याचं माचेराता, म्हणजे आमच्याच मार्के प्रांतातलं. अठराव्या शतकात मार्केच्या कापुचिनांवर तिबेटच्या मिशनची जबाबदारी होती. कास्सियानो ल्हासापर्यंत पोचला, नेपाळात आणि बिहारात राहिला, तिथे भाषा आणि लिपी शिकून परत आला. रोममधल्या धर्मप्रसाराच्या छापखान्याने त्याच्या पुस्तकासाठी देवनागरीचे खिळे पाडले. खिळ्यांनी छापलेल्या देवनागरीच्या अगदी पहिल्या पुस्तकांत ते धरलं जातं. विल्यम केरीचं मराठी व्याकरण श्रीरामपूरला छापलं गेलं १८०५मध्ये, म्हणजे हे त्याच्या चौतीस वर्षं आधीचं. त्या छायाप्रतीतले खिळे बघितले तर हसू येतं. जाडी नको तिथे, अक्षरं जरा सुजल्यासारखी. पण शिरोरेषा जवळपास सांधलेली. मी भिंगाखाली एकेक जोड तपासला, आणि माझ्या लिनोलियममधल्या फटी बघून गप्प बसले.

कागदाचंही तसंच. फाब्रियानोचा कागद आपल्याकडे चित्रकलेच्या दुकानात मिळतो, आणि महाग असतो म्हणून आम्ही मुली अर्धा-अर्धा ताव वाटून घेतो. फाब्रियानो हे मार्केतलंच एक गाव आहे, तेराव्या शतकापासून तिथे कागद होतो. कागदात दिसणारी पाणखूण तिथूनच युरोपभर पसरली. तिथल्या संग्रहालयात लगद्यात साचा बुडवून ताव काढून दाखवतात, आणि आपल्यालाही काढू देतात. माझा ताव एका कोपऱ्यात जाड, दुसऱ्यात पार विरळ आला. तो मी तसाच आणला आहे.

परीक्षेबद्दल सांगितलंच पाहिजे, कारण आपल्याकडच्या मुलांचा तिथेच धीर सुटतो. इटलीत पुष्कळशा परीक्षा तोंडी असतात आणि त्या सगळ्यांसमोर होतात. खोलीत बाकीची मुलं बसलेली, समोर शिक्षक, आणि तुमच्यासाठी एक खुर्ची. गुण तीसपैकी, पास व्हायला अठरा. फारच उत्तम झालं तर तीस आणि वर शाबासकी, तिला 'लोदे' म्हणतात. प्रश्नपत्रिका नसते, त्यामुळे पाठांतराचा उपयोग पहिल्या दोन मिनिटांपुरता. मला विचारलं, "तुझ्या शहरातल्या रेल्वे स्टेशनावरच्या पाट्यांबद्दल बोल." मी वाशी स्टेशनवरच्या मराठी, हिंदी आणि इंग्रजी पाट्यांबद्दल सांगायला लागले. मराठी आणि हिंदीची लिपी एकच, तर मग दोनदा का लिहायचं, असं त्यांनी विचारलं. त्यांना वाटलं हा टाइपचा प्रश्न आहे. मला तो राजकारणाचा वाटला आणि मी पाच मिनिटं त्यावरच बोलले, ल आणि श यांच्या मराठी वळणाचं राहूनच गेलं. ते त्यांनी मला खोदून काढायला लावलं. सत्तावीस मिळाले. सगळ्यात मजेशीर नियम असा की मिळालेले गुण नको असतील तर विद्यार्थी ते नाकारू शकतो आणि पुढच्या तारखेला परत बसतो. माझ्या आधीच्या मुलाने चोवीस गुण हात जोडून नाकारले आणि शिक्षकांनी हसून मान डोलावली. आपल्या विद्यापीठात हे कोणी करून बघावं!

मे महिन्यातली एक गोष्ट या गावामुळेच घडली. चौकातल्या बारमध्ये रोज सकाळी उभ्याने कॉफी पिणारे एक आजोबा होते. उभ्याने, कारण काउंटरवर कॉफी एक-सव्वा युरोला आणि टेबलावर बसलं की जास्त. मी भारतातली म्हटल्यावर ते म्हणाले की त्यांच्या वडिलांनी दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैनिक पाहिले होते. मी त्यांना सांगितलं की आमचं मूळ गाव रायगडात, माणगाव तालुक्यात, आणि माणगावला यशवंत घाडगेंचा पुतळा आहे. एसटीतून उतरलं की माझे आजोबा आम्हा भावंडांना तो दाखवायचे, पण घाडगे लढले ती जागा इटलीत होती एवढंच मला माहीत. कॉफीवाल्या आजोबांनी तिथेच बारवाल्याला, बारवाल्याने त्याच्या भाच्याला विचारलं, आणि रविवारी भाचा गाडी घेऊन वसतिगृहाच्या दारात हजर.

आम्ही आपेनाइन डोंगराचा बोका त्राबारियाचा घाट ओलांडून उंब्रियात उतरलो. रस्ता वळणावळणाचा, हजार मीटरच्या वर जाणारा. पलीकडे तिबर नदीचं वरचं खोरं, आणि तिथे मोन्तोने हे टेकडीवरचं छोटं गाव. १० जुलै १९४४ रोजी या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनची एक तुकडी मशीनगनच्या माऱ्यात सापडली. नाईक यशवंत घाडगेंच्या हाताखालचे सगळे जवान मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावून गेले. हातबाँब टाकून मशीनगन गप्प केली, टॉमीगनने एकाला मारलं, आणि भरायला वेळ नाही म्हणून तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांशी भिडले. ते ठाणं त्यांनी घेतलं आणि तिथेच शत्रूच्या गोळ्यांनी पडले. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर नाही, नाव कास्सिनोच्या स्मारकावर आहे. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये सेनियो नदीवर तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजच्या नामदेव जाधवांनाही याच रेजिमेंटमधून हा क्रॉस मिळाला, ते मात्र जिवंत परतले. इटलीच्या मोहिमेत पाच हजार सातशेहून जास्त भारतीय सैनिक गेले.

मोन्तोनेच्या लोकांनी जुलै २०२३मध्ये घाडगेंचं स्मारक उभारलं, ते सूर्यघड्याळाच्या रूपात आहे. त्यावरच्या लॅटिन ओळीचा अर्थ, आपण सगळे एकाच सूर्याखाली. मी डिझाइनची विद्यार्थिनी, त्यामुळे आधी अक्षरं बघितली, मग ओळ. भाच्याने विचारलं, घाडगे नावाचा उच्चार कसा करायचा? इटालियन जिभेला 'घ' जमत नाही. गाडीत परत येईपर्यंत तो प्रयत्न करत होता, आणि घाटात मला मळमळत असल्यामुळे मी दुरुस्त करायचं सोडून दिलं.

हे सगळं वाचून कोणाला छोटं गाव म्हणजे स्वर्ग वाटेल, तर तसं नाही. विद्यार्थ्यांच्या परवान्यावर आठवड्याला वीस तास काम करता येतं, पण उर्बिनोत काम असतं किती? पिझ्झेरियातल्या चार जागा इटालियन मुलांतच संपतात. ज्याला शिकता शिकता कमवायचंच आहे त्याने बोलोन्या किंवा तोरिनो बघावं. फेब्रुवारीत धुकं असं उतरतं की समोरचा राजवाडा नाहीसा होतो आणि दुपारी चारला अंधारल्यासारखं वाटतं. घर गरम करण्याची यंत्रणा कधी चालू आणि कधी बंद हे कायद्याने तारखांवर ठरलेलं असतं, एप्रिलच्या मध्यावर ती बंद होते आणि त्यानंतरही थंडी पडली तर स्वेटरवर स्वेटर. सगळे सगळ्यांना ओळखतात याची दुसरी बाजूही आहेच. तुम्ही दोन दिवस दिसला नाहीत तर चौकशी होते, आणि कोणाबरोबर दिसलात याचीही होते. सप्टेंबरच्या सुरुवातीला गावात पतंगांचा मोठा उत्सव असतो, माझं सत्र जुलैतच संपल्यामुळे तो हुकला.

परत आल्यावर तीसपैकी गुणांचं आपल्या दहाच्या श्रेणीत रूपांतर करायला काही आठवडे गेले, अर्ज दोनदा फिरून आला, आणि 'लोदे' म्हणजे काय हे मला लेखी द्यावं लागलं, मला ती मिळालेली नसतानाही. आता ज्युनियर मुली येतात तेव्हा मी त्यांना चारच गोष्टी सांगते. जाड तळव्याचे बूट न्या, उर्बिनोत सपाट रस्ता नाही आणि पावसात दगडी फरशी घसरते. राइस कुकर, इस्त्री आणि केस वाळवायचं यंत्र एकदम लावू नका, इटालियन घरांना वीज साधारण तीन किलोवॅटची असते, अख्ख्या मजल्याची जाते आणि मग सगळा मजला तुमच्या दारात येतो. प्रत्येक कागदाच्या चार-चार प्रती न्या. आणि पेसारोहून उर्बिनोची शेवटची बस किती वाजता सुटते ते आधी बघून ठेवा.